नऊ हात पाण्यातला ठाव

११ ऑगस्ट २०१८. डोंग्यात आठ जीव होते. पाच काठाला लागले. दोघी दुसऱ्या दिवशी सापडल्या.

उरलेल्या एकीचे नाव दुर्गा. आसगावच्या पलीकडे, धरणाचे पाणी जिथे शेतांच्या बांध्यांपर्यंत येऊन थांबले आहे, तिथे मासे धरणाऱ्या ढिवरांची एक टोली वसली आहे. त्या टोलीतल्या गिरजाबाईंची ही मुलगी. नवरा गेल्यावर ती दहा वर्षांच्या रेणूला घेऊन आईच्या घरी परतली होती आणि रोवणीच्या दिवसांत पलीकडच्या गावी धान रोवायला जात होती. पाण्यावरून गेले तर अर्धा तास लागे. रस्त्याने बावीस किलोमीटर पडत, आणि त्या रस्त्याला सकाळची गाडी नव्हती. म्हणून बाया डोंग्याने जात. त्या सकाळी मध्यावर वारा सुटला आणि डोंगा आडवा झाला. घडले ते एवढेच.

जागेश्वर मारबते त्याच टोलीतला. तेव्हा तो चोपन्न वर्षांचा होता. मासेमारी हा त्याचा धंदा होता आणि बुडालेली माणसे शोधून आणणे हे त्याचे काम होते. धंदा आणि काम यांतला भेद त्याला कुणी शिकवला नव्हता, पण त्याने तो कधी ओलांडला नाही. मासळीचा भाव तो बाजारात घासाघीस करून ठरवी. माणूस काढून आणल्यावर मात्र काठावर कुणी खिशात हात घातला की तो ओला तसाच घरी चालू लागे. शोधायला उतरण्यापूर्वी तो जेवत नसे. गेलेल्याचे नाव विचारून घेई आणि पाण्याकडे तोंड करून ते एकदाच उच्चारी. बरोबरच्या एखाद्याने घाईने गळाची दोरी पुढे केली तर त्याचे उत्तर ठरलेले होते : "गळ माशाले. मानसाले हात."

पवनीपासून लाखांदूरपर्यंत कुठेही माणूस बुडाले की पोलीस ठाण्यातून त्याला फोन येई. "जागा दावते म्हून तर जागेश्वर," असे लोक म्हणत. त्याची बायको रुखमिणी त्यावर पदराआडून म्हणे, "साऱ्या तालुक्याले जागा दावते, अन् घरात सोताची चप्पल भेटत नाही. थे मले शोधा लागते."

या कौशल्यात चमत्कार काही नव्हता. धरण भरण्यापूर्वीची जमीन त्याला पाठ होती. कुठे आमराई होती, कुठला नाला कुठे वळत होता, कोणत्या बांध्यात बाभळी उभ्या राहिल्या आणि तशाच बुडाल्या, हे सगळे तो पाण्याखाली चालत असल्यासारखा सांगे. जुन्या नदीत बुडालेले माणूस दोन दिवसांत वर येई. धरणाच्या पाण्यात ते बुडालेल्या झाडांत अडकते. म्हणून आता नदीची माहिती पुरत नाही, नदीने गिळलेल्या गावाची माहिती लागते. आणि ती ज्यांच्याजवळ आहे अशी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत.

या माणसाची पुढची सात वर्षे एका शब्दाने ठरवली. तो शब्द 'ठाव'.

शब्द जुना आहे. अभ्यासक त्याचे मूळ संस्कृतातल्या 'स्था' या धातूपाशी, म्हणजे उभे राहण्यापाशी नेतात. जिथे उभे राहता येते तो ठाव. जमिनीवरच्या माणसाला तो पावलोपावली मिळतो, म्हणून त्याच्या तोंडी ठाव म्हणजे नुसते ठिकाण झाले. पाण्यातल्या माणसाला उभे राहायला तळच लागतो, म्हणून त्याच्या तोंडी ठाव म्हणजे तळ. हरवलेल्याचा ठावठिकाणा लागतो. दुसऱ्याच्या मनाचा ठाव घेता येतो. जेवणाऱ्यासाठी मांडलेली जागा, वाढलेले ताट, यालाही जुने लोक ठाव म्हणत. आणि 'ठाऊक' हा शब्द याच घरातला : जे मनात जागा धरून बसले, ते ठाऊक. जाणणे म्हणजे पाय टेकणे, हे आपल्या पूर्वजांनी कुठल्याही ग्रंथाशिवाय भाषेत लिहून ठेवले.

जागेश्वरला ही वंशावळ माहीत नव्हती. त्याला दोन अर्थ पुरत आणि दोन्ही रोज लागत. बांबू तळाला टेकला की तो म्हणे, ठाव लागला. माणूस हाताला लागले की तेव्हाही म्हणे, ठाव लागला. डोंग्यातल्या सोबत्यांना आवाजावरून कळे की यातले कोणते. काठावरच्यांना ते कळेल की नाही, हा प्रश्न कधी उपस्थित झाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी तो झाला.

जिल्ह्याहून आलेले पथक यंत्राच्या बोटीने मधल्या धारेत फिरत होते. जागेश्वर आणि त्याचा सोबती धनराज दोन वेगळ्या डोंग्यांतून कडेकडेने शोधत होते. सकाळपासून जागेश्वर अठरा हातांचा बांबू पाण्यात सोडत होता आणि बांबू टेकत नव्हता. वाऱ्याने त्याला मूळ जागेपासून किती वाहवत आणले हे त्याला कळेनासे झाले होते, आणि ज्याला पाण्याखालचे गाव पाठ आहे त्याला स्वतःची जागा न कळणे ही मोठी लाज असते. दिवस कलता कलता बांबू अचानक टेकला. नऊ हातांवर. आणि तोही चिखलात रुतला नाही, टणक वाजला. आता आपण कुठे आहोत हे ठरवता येईल, इथून खालच्या आमराईकडे सरकता येईल, या सुटकेच्या भरात त्याने धनराजला हाळी दिली :

"ठाव लागलाऽऽ!"

पाण्यावरून आवाज दूर जातो. काठावर गिरजाबाई तीन दिवस बसून होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या.

"भेटली," त्या शेजारणीला म्हणाल्या. "माही दुर्गा भेटली. बाई वो, घरी जा, पाटीवर नवा लुगडा ठेवला आहे, थो आन. पानी तपव. रेणूले आनू नोको अठी."

काठ हलला. कुणी चुलवण पेटवले, कुणी बांबू आणि सुतळी आणली. पथकाच्या लोकांनाही वाटले की ढिवराला काही मिळाले. त्यांनी यंत्र बंद केले. अर्ध्या तासाने जागेश्वरचा डोंगा काठाला आला तेव्हा वाळूवर नवे लुगडे पसरलेले होते, त्याच्या चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले होते, आणि टोलीतली सगळी माणसे डोंग्यात पाहत होती.

डोंगा रिकामा होता.

जागेश्वरने लुगडे पाहिले आणि आपण काय बोललो ते त्याला कळले. "वयनी," तो म्हणाला, "मी बांबूचा म्हनलो... तराचा ठाव..." तळाला टोलीत तर म्हणतात.

गिरजाबाईंचा नवरा आणि जागेश्वर तो वारेपर्यंत वीस वर्षे एका डोंग्यात मासे धरत होते. त्या नात्याने ती वयनी आणि हा भाऊजी. त्या खाली वाकल्या, चारही दगड उचलून बाजूला ठेवले, लुगड्याची वाळू झटकली आणि घडीवर घडी बसवली. मग त्याच्याकडे पाहून म्हणाल्या, "भाऊजी, तुमी नदीवर बोलले. नदीवर बोललेला पुरा करा लागते."

हा टोलीचा जुना नेम आहे. घरात बोललेले फिरवता येते, बाजारात बोललेले तर रोजच फिरते. पाण्यावर मात्र माणूस दुसऱ्याच्या शब्दावर पाऊल टाकतो. 'इकडे खोल नाही' असे कुणी म्हटले की दुसरा उतरतो. म्हणून नदीवर खोटे बोलायचे नाही, आणि बोललेले खोटे ठरू द्यायचे नाही. जागेश्वर खोटे बोलला नव्हता. पण लुगडे पसरले गेले होते.

पाचव्या दिवशी पथक परत निघाले. त्यापूर्वी पंचनामा झाला. तलाठ्याच्या हाताखाली काम करणारा कैलाश नावाचा माणूस कागद लिहीत होता. टोलीशी त्याचे जाणे-येणे होते आणि मनाने तो सरळ होता. पंच म्हणून जागेश्वरचे नाव घातलेले होते. कैलाशने वाचून दाखवले : "...सर्वतोपरी शोध घेतला असता ठाव लागला नाही. सबब सदर महिला बेपत्ता."

जागेश्वरने पेन खाली ठेवला.

"काय झाला गा, काका?"

"सही नाही होत."

"काहून?"

"ठाव लागला नाही असा लिहू नोको. ठाव लागला. नऊ हात पान्यात, टनक. दुर्गा नाही लागली."

"अवो काका, ठाव म्हंजे थेच ना बाप्पा! तुमी मास्तर केव्हापासून झाले?"

"तुह्यासाठी थेच असन. माह्यासाठी नाही आता."

"बरं. मंग काय लिहू?"

"शोधून रायले, असा लिही."

"पथक तर चालला! कोन शोधून रायला?"

"मी."

कैलाश हसला, मग हसायचे थांबला. 'शोध सुरू आहे' हे वाक्य त्या कागदाच्या रकान्यात बसत नव्हते. सरकारी कागदाला प्रत्येक शोधाचा शेवट लागतो. शेवटी त्याने लिहिले, 'मृतदेह मिळून आला नाही', आणि जागेश्वरने त्यावर सही केली. 'बेपत्ता' हा शब्द तसाच राहिला. त्या शब्दाविषयीही जागेश्वरची तक्रार होती, पण ती त्याने घरी रुखमिणीजवळ केली. पत्ता नाही तो आपल्याला नाही, तिला कसा नाही? ती जिथे आहे तिथे आहे. रुखमिणीने त्याच्यापुढे ताट सरकवले आणि म्हणाली, "जेवा पह्यले. उपाशी मानसाले शब्दच दिसते."

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या वागण्यात एक बदल दिसू लागला. बांबू तळाला टेकला की तो बोलत नसे. बांबूने डोंग्याच्या कडेला दोनदा ठोके देई : टक, टक. धनराजने पहिल्यांदा विचारले, "तोंडाले काय झाला?" जागेश्वरने काठाकडे नुसती मान वळवली. धनराजला तेवढे पुरले. पुढच्या पावसाळ्यापर्यंत धनराजही ठोके देऊ लागला, मग इतरही. आज त्या टोलीत पाण्यावर कुणी 'ठाव लागला' म्हणत नाही. नव्याने डोंगा वल्हवायला शिकणाऱ्याला कारण सांगितले जात नाही. ठोके शिकवले जातात.

कोशकारांच्या दृष्टीने ही घटना नोंद घेण्याजोगी नाही. शब्दांचे अर्थ झिजतात, मिटतात. त्यामागे बहुधा विसर असतो, कधी सत्ता असते, कधी बाजार. इथे एका बोलीतल्या एका शब्दाचा एक शतकानुशतकांचा अर्थ मिटला, आणि त्याला कारण एवढेच की एका म्हाताऱ्या बाईच्या कानावर तो पुन्हा पडू नये असे एका माणसाला वाटले. मूठभर माणसांनी कुठलीही सभा न घेता आपल्या भाषेतून एक जखम काढून टाकली. शिकलेल्या समाजात अशी उदाहरणे मला फारशी माहीत नाहीत.

शोध चालूच होता. दर आठवड्याला एक सकाळ जागेश्वर दुर्गासाठी ठेवी. बुडालेली आमराई, नाल्याचे वळण, बाभळींचा बांध, असे त्याने पाण्याखालचे गाव घरासारखे झाडून काढले. दरम्यान दुसऱ्यांचे फोन येतच होते, आणि तो जात होता. पवनीचा विणकर भैय्यालाल याचा धाकटा भाऊ अनुप घाटावरून घसरून बुडाला, तेव्हा जागेश्वरने दोन तासांत त्याला वर आणले. भैय्यालाल काठावर बसून होता. डोंग्याकडून दोन ठोके ऐकू आले तेव्हा तो काठावर थांबलेल्या धनराजला म्हणाला, "क्या हुआ? काही बोलून नाही राहिले." धनराजने सांगितले, "बोलनार नाही. हातात आल्यावर सोता काठावर येऊन सांगन." आणि तसेच झाले. जागेश्वर चिखल तुडवत त्याच्याजवळ आला, शेजारी उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, अनुप आला." त्या दोन शब्दांसाठी भैय्यालाल दरवर्षी टोलीत येतो.

गिरजाबाई या काळात जागेश्वरला कधीच काही विचारत नसत. त्याची शोधाची सकाळ कोणती हे त्यांना ठाऊक होते. त्या दिवशी तो परतेपर्यंत त्यांच्या ओसरीवर पाण्याचा तांब्या ठेवलेला असे. तो पाणी पिई, त्या तांब्या उचलून नेत. लुगडे पाटीच्या फळीवरच होते.

२०२५च्या मे महिन्यात धरणाचे पाणी कधी नव्हे इतके खाली उतरवले. कसल्याशा दुरुस्तीचे काम होते. टोलीच्या लोकांनी अनेक वर्षांनी आपले जुने गाव पाहिले : चिखलाच्या रंगाचे, छपरे नसलेले, बाभळींचे काळे सांगाडे उभे असलेले. जागेश्वर आता एकसष्ट वर्षांचा होता. सात वर्षांपूर्वी त्या संध्याकाळी बांबू टेकला तेव्हा त्याने काठावरच्या दोन खुणा डोळ्यांनी पकडून ठेवल्या होत्या : मारुतीच्या देवळाचा कळस मोहाच्या झाडाच्या सरळ मागे, आणि उजव्या हाताला पंपाचे घर टेकडीच्या खांद्यावर. तो चिखलातून चालत निघाला. कळस मोहामागे गेला, पंपाचे घर टेकडीला लागले, तेव्हा त्याच्या पायाखाली दगड होता.

तो वाट्याचा दगड होता. जुन्या टोलीत पहाटेची मासळी आणून या सपाट शिळेवर ओतत आणि तिचे वाटे घालत. जितकी घरे तितके वाटे. ज्या घरात मासे धरणारे कुणी उरले नसेल त्या घराचाही वाटा पडे. नवरा वारल्यावर गिरजाबाई याच शिळेवरून सहा वर्षे वाटा उचलून नेत होत्या आणि दुर्गा टोपली धरायला बरोबर असे.

जागेश्वरने शिळेच्या भोवतीचा चिखल तीन दिवस हातांनी उपसला. मग आमराईत गेला. मग नाल्यात. कोरड्या जमिनीवर त्याने ते सगळे पुन्हा केले जे सात वर्षे पाण्यात केले होते. दुर्गाची कुठलीच खूण मिळाली नाही. बांगडीचा तुकडाही नाही.

आठव्या दिवशी तो शिळेपाशी परतला तेव्हा गिरजाबाई स्वतः तिथे आल्या. रेणूने त्यांचा हात धरला होता. रेणू आता सतरा वर्षांची होती; कॉलेजच्या अर्जात आईपुढे 'हयात' आणि 'मयत' असे दोन चौकोन असतात आणि ती दोन्ही रिकामे ठेवते, हे जागेश्वरला माहीत होते. सात वर्षे ज्याची खबर नाही त्याला मयत धरता येते असे कैलाशने घरी येऊन समजावले होते. ऑगस्टमध्ये ती सात वर्षे भरणार होती.

गिरजाबाईंनी शिळा ओळखली. चपला काढल्या आणि वर चढून उभ्या राहिल्या. बराच वेळ तशाच राहिल्या. मग रेणूकडून डबा घेतला, पळसाची पत्रावळ शिळेवर मांडली, भात आणि माशाचे कालवण वाढले, आणि पदर सावरून बाजूला बसल्या. कुणाचे नाव घेतले नाही.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुमचा बांबू अठीच टेकला होता?"

"हो."

"मी ढिवराची लेक. नदीवरचा ठाव मले ठाऊक नाही का? साऱ्या जिंदगीभर थेच ऐकत आली. तुमच्या आवाजावरून समजा लागत होता मले." त्या थांबल्या. "पर त्या घडीले मी ढिवरीन नोहती. माय होती."

जागेश्वरने शिळेच्या कडेचा चिखल बोटाने खरवडला.

"चूक माही होती. तुमी सात वर्षं माही चूक फेडून रायले. आता बस करा. पाय टेकले माहे. शब्द फिटला तुमचा."

सात वर्षांत कुणी त्याला सुटका देऊ केली नव्हती. जिला ती देण्याचा अधिकार होता त्याच व्यक्तीने ती दिली होती, आणि तीही त्याच दगडावर बसून. रेणू त्याच्याकडे पाहत होती. तिच्यासाठीही ते सोपे झाले असते.

"रेणूचा कागद करून घ्या वयनी," तो शेवटी म्हणाला. "मयत लिहा. मी येतो सही कराले. थो कागद पोरीच्या कामाचा आहे." मग त्याने शिळेला हात लावला. "पर अठी नुसता तर लागला. दुर्गा नाही लागली. तुमी लुगडा पसरला थो तरासाठी नोहता पसरला."

गिरजाबाई रेणूकडे वळल्या. "लय जिद्दी मानूस," त्या रेणूला म्हणाल्या, "तुह्या आजासारखा," आणि बऱ्याच वर्षांनी त्या हसल्या असे रेणू सांगते. पत्रावळ त्यांनी तशीच राहू दिली. परत फिरताना त्या चपला विसरल्या, आणि ज्याला घरात स्वतःची चप्पल सापडत नाही त्या जागेश्वरने त्या चिखलातून शोधून आणून दिल्या.

जूनच्या अखेरीस धरणाची दारे बंद झाली आणि पाणी पुन्हा चढले. ऑगस्टनंतर रेणूच्या अर्जाला कैलाशने हातभार लावला. जागेश्वरने त्यावर अडखळत, पण पूर्ण नाव लिहून सही केली. आठवड्यातली एक सकाळ तो अजून पाण्यावर जातो. वाट्याचा दगड पुन्हा नऊ हात खाली आहे. त्यावरून जाताना तो बांबू टेकवतो आणि डोंग्याच्या कडेला दोन ठोके देतो.

दुर्गाचा ठाव गिरजाबाईंना देणे अजून बाकी आहे.